अनोळखी आवाजाचे देणे

मराठीतला 'वर्गणी' हा शब्द मोठा बोलका आहे. गणेशोत्सवाला देतो ती वर्गणी, वाचनालयात भरतो ती वर्गणी आणि मासिकाला पाठवतो तीही वर्गणीच. वाण्याकडून साखर आणली तर आपण गिऱ्हाईक असतो. मासिक लावले की वर्गणीदार होतो. साखर तराजूत पडल्यावर पैसे द्यायचे असतात. वर्गणी आधी द्यायची आणि मग अंकाची वाट पाहायची. अजून लिहूनही न झालेल्या मजकुरासाठी, कधी न पाहिलेल्या संपादकाच्या हाती पैसे ठेवायचे, यात व्यवहारापेक्षा विश्वासाचा भाग अधिक असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, ती या विश्वासावरच आजवर चालत आली आहे. आपल्या सीमाभागात तर घरात भाषा टिकावी म्हणून अंक घेणारी घरे आहेत. वर्गणी मागायला येणारा गृहस्थ ओळखीचा असतो. पावती फाडता फाडता घरातल्या आजारी माणसाची चौकशी करतो आणि चहा घेऊनच उठतो.

या वर्गणीच्या नावाने फसवणुकीचा केवढा धंदा उभा राहू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या मिनेसोटा राज्यात सरकारी वकिलांनी ६० जणांवर आरोप ठेवले. मासिकांच्या वर्गणीच्या नावाखाली फोन करून दीड लाखांहून अधिक लोकांना सुमारे ३० कोटी डॉलरना फसवल्याचा हा खटला होता. फसलेल्यांत म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. पुढे आरोपींपैकी अनेकांनी गुन्हा कबूलही केला.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. फोन करणारा 'नवे मासिक घ्या' असे म्हणतच नसे. 'तुमच्याकडे जे मासिक येते त्याच्याच कार्यालयातून बोलतो आहे, तुमचा दरमहाचा हप्ता कमी करून देतो', अशी सुरुवात होई. म्हातारा माणूस हो म्हणे आणि त्याच्या गळ्यात आणखी नव्या वर्गण्या पडत. मग दुसरा फोन येई: 'तुमच्याकडे मोठी बाकी निघते आहे, एकरकमी भरलीत तर सगळे बंद करून देतो.' बाकी मुळात नसेच. एकदा फसलेल्यांची नावे याद्यांत जात आणि त्या याद्याही विकल्या जात.

या साऱ्या खोट्यांत पहिले खोटे कोणते? किमतीचे नव्हे. 'तुमची आमची आधीपासूनची ओळख आहे' हे ते पहिले खोटे. बाकीची सगळी त्याच्या आधाराने उभी राहतात.

आपल्याकडे हेच खोटे विम्याच्या वेषात येते. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना असा फोन आला. 'गुरुजी, नमस्कार करते. तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, तो सोडवायचा तर एक लहानशी नवी पॉलिसी काढावी लागेल.' पॉलिसीचा क्रमांक तिने अचूक सांगितला. गुरुजींनी दोनदा पैसे भरले. तिसऱ्या वेळी सूनबाईंच्या लक्षात आले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "अगं, ती इतकं चांगलं मराठी बोलत होती, मध्येच फोन ठेवायचा कसा?"

हे वाक्य पुण्या-मुंबईच्या माणसाच्या तोंडी कदाचित आले नसते. आपण कचेरीत कन्नड बोलतो, रेल्वेत हिंदी बोलतो, मुलांच्या अभ्यासापुरते इंग्रजी बोलतो. अनोळखी ठिकाणाहून शुद्ध मराठी ऐकू आले की आपल्याला माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. ती भाषा हीच ओळखीची चिठ्ठी ठरते. लबाडाला हे ठाऊक असते. त्याने गुरुजींचे पैसे तर नेलेच, शिवाय आपल्या भाषेवरचा त्यांचा भरवसाही नेला. ते आता मराठीतून फोन आला की दचकतात. पैसे कदाचित भरून निघतील. या दुसऱ्या नुकसानीचे काय करायचे?

म्हणून हा प्रश्न नुसत्या सावधगिरीचा नाही, नीतीचा आहे. अनोळखी आवाजाला आपण काय देणे लागतो? खरे बोलणे? सभ्यता? वेळ? आणि तो खोटे बोलतो आहे असे कळल्यावर हे देणे संपते काय?

आमच्या शिक्षक-खोलीत यावर बरीच चर्चा झाली. एका तरुण शिक्षकाचे म्हणणे असे, की लबाडाशी लबाडीनेच वागावे. तो अशा फोनवाल्याला खोटे नाव सांगतो, खोटे आकडे सांगतो, तासभर खेळवतो. 'तो तास त्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला फसवण्यात घालवला असता', हा त्याचा युक्तिवाद. त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

हा वाद फार जुना आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. सदैव खरे बोलण्याचे त्याचे व्रत होते. लुटारूंच्या भयाने काही माणसे वनात लपली. लुटारूंनी विचारले आणि कौशिकाने खरे ते सांगून टाकले. माणसे मारली गेली आणि त्या सत्यवादी ब्राह्मणाला नरक मिळाला. आपण ही गोष्ट 'प्रसंगी खोटे चालते' एवढ्यापुरती लक्षात ठेवतो. पण तिथे श्रीकृष्णाने सांगितलेला क्रम निराळा आहे. न बोलल्याने सुटका होत असेल तर बोलूच नये; बोलणे भागच पडले, गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तरच खोट्याचा आश्रय घ्यावा. लोकमान्यांनीही 'गीतारहस्या'त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

पश्चिमेकडे हाच वाद १७९७ साली झाला. ज्याला सत्यावर हक्क आहे त्याच्याशीच खरे बोलण्याचे कर्तव्य असते, असे बेंजामिन काँस्टन्ट या फ्रेंच लेखकाने मांडले. कान्टने उत्तर दिले, की दारात खुनी उभा राहून 'तुझा मित्र घरात आहे काय' असे विचारत असला तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. श्रीकृष्ण आणि कान्ट इथे दोन टोकांना दिसतात. पण कान्टचा प्रश्नही उत्तर देणे टाळताच येत नसेल अशा वेळचा आहे. गप्प राहण्याची वाट मोकळी असेल तर दोघांचे भांडणच उरत नाही.

फोनच्या बाबतीत ही वाट पूर्ण मोकळी असते. कौशिकापुढे शस्त्रे घेतलेले लुटारू उभे होते. आपल्यापुढे एक यंत्र असते आणि ते एका बोटाने बंद होते. मग खोटे बोलायला 'नाइलाज' हे कारण देता येत नाही. लबाडाला खेळवण्यात आपल्याला मजा येते, हेच खरे कारण उरते. शिवाय बाप सोफ्यावर बसून हसत हसत खोटी नावे सांगतो, तेव्हा बाजूला अभ्यास करणारा मुलगा ऐकत असतो. बापाने कुणाला फसवले हे तो विसरेल. खोटे किती सहज बोलता येते ते विसरणार नाही. माझ्या तरुण मित्राला मी एवढेच सांगितले.

आता सभ्यतेविषयी. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही आपली शिकवण. तिचा मला अभिमान आहे. परंतु दारी येणारा माणूस गल्लीतून चालत येतो, त्याला चेहरा असतो, शेजारी त्याला पाहतात. तो आपल्या दारात जेवढा आपल्या भरवशावर उभा असतो, तेवढेच आपणही त्याच्या भरवशावर असतो. फोनवरचा आवाज यांतले काहीच गहाण ठेवत नाही. अमेरिकेत १९९५ साली फोनवरच्या विक्रीसाठी जे नियम झाले, त्यांत विक्रेत्याने प्रारंभीच आपण कोण आणि विक्रीसाठी फोन करतो आहोत हे सांगावे असे बंधन आहे. हा कायदा असला तरी मला त्यात नीतीचे मूळ सूत्र दिसते. जो आपले खरे नाव आणि खरा हेतू सांगतो, त्याला सभ्यतेचे देणे आहे. 'नको, धन्यवाद' एवढे शब्द आणि त्यातला सौम्यपणा त्याला मिळालाच पाहिजे. पोटासाठी दिवसभर फोन करणाऱ्या मुलीला शिव्या देणे हा पुरुषार्थ नव्हे. जो नाव लपवतो, त्याने मात्र संवाद सुरूच केलेला नसतो. तिथे फोन ठेवणे म्हणजे कुणाचे बोलणे तोडणे नव्हे.

आपल्याकडेही नको असलेले फोन रोखण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. दूरसंचार नियामकाने २०१० आणि २०१८ साली नियम केले. विमा नियामकानेही वेळोवेळी जाहीर केले आहे, की आपण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. पण नियम पाळणाऱ्यालाच नियम अडवतात. शेवटचा अडसर घरातल्या माणसानेच लावायचा असतो.

तारेच्या दुसऱ्या टोकालाही कुणाचे तरी मूल बसलेले असते, आणि मुख्याध्यापकाला ते विसरून चालत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना तिथून धमकावले जात होते. आत शेकडो तरुण मुले-मुली कामाला होती. आपली सीमाभागातली मुले तर मराठी, कन्नड, हिंदी सफाईने बोलतात; अशा धंद्यात त्यांना मागणी फार.

आमचा एक माजी विद्यार्थी मोठ्या शहरात अशाच एका कार्यालयात लागला होता. सुट्टीत भेटायला आला आणि उठता उठता म्हणाला, "सर, एक विचारू? कागदावर लिहून दिलेलं असतंय, मी नुसतं वाचतो. मग ते खोटं माझं कसं होतंय, सांगा की. घरचं कर्ज तर फेडायला पाहिजे न्हवं?"

मी म्हटले, "अरे, त्या कागदावरचा पहिला शब्द कोणता?"

तो थोडा थांबून म्हणाला, "'मी'. मी अमुक कार्यालयातून बोलतोय, असं."

"कागद लिहिणाऱ्याने तो शब्द मोकळा सोडलाय, बाळा. वाचताना तो तू भरतोस. बाकीचं त्याचं असेल, 'मी' तुझाच."

तो काही बोलला नाही. कर्ज खरे होते आणि माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता. दुसरी नोकरी शोधीपर्यंत घरी काय सांगायचे, यावर आम्ही पुष्कळ वेळ बोललो. पोट भरायला लागते म्हणून दोष नाहीसा होत नाही. आणि दोष आहे म्हणून ते मूल आपले नाही असेही होत नाही. लबाडीचा कागद लिहिणारे आणि त्यावर इमले बांधणारे सहसा फोनवर येत नाहीत, हेही न्याय करताना ध्यानात ठेवायला हवे.

शेवटी फसलेल्यांविषयी. आपल्या घरांत फसलेल्या म्हाताऱ्याची थट्टा होते. 'एवढे शिकलेले, आणि कसे फसलात?' या एका वाक्याने तो माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. लबाडाला याहून मोठी मदत दुसरी नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर तक्रार केली तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती सरते. फोनवरून गळ्यात मारलेली आयुर्विम्याची पॉलिसी कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. २०२४ च्या नियमांनी हीच मुदत इतर पॉलिसींनाही लागू केली आहे. परंतु या सगळ्या सोयी त्याच्यासाठी आहेत, ज्याला घरात लाज न बाळगता 'मी फसलो' असे म्हणता येते. विश्वास टाकणे हा दोष नाही, विश्वास मोडणे हा आहे. लाज कुणाला वाटली पाहिजे हे घराने ठरवायला हवे.

या दिवाळीत सगळे एकत्र बसाल तेव्हा एक साधा नियम घरात करून ठेवावा असे मला वाटते. आलेल्या फोनवर पैशाचा व्यवहार करायचा नाही, मग पलीकडची भाषा कितीही गोड असो. करायचाच असेल तर आपण होऊन, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून किंवा समक्ष जाऊन करावा. आणि वर्गणी मागायला कुणी दारात आला, तर त्याला आत बोलवावे, पावती नीट वाचून घ्यावी आणि चहाला थांबवावे.