पथ्य आणि व्रत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगावी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. नेवासे तालुक्यातल्या देवगडची वाट माणसांनी फुलून जाते, वेदांतनगरच्या दत्तमंदिरात पाय ठेवायला जागा नसते. पण मंदिरात येणाऱ्या आपल्यासारख्या साठी-सत्तरीच्या मंडळींच्या पिशवीत हल्ली पोथीबरोबर आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे गोळ्यांचा डबा. सकाळची, दुपारची, जेवणाआधीची, जेवणानंतरची. आणि त्या डब्याबरोबर न खाण्याच्या पदार्थांची एक यादी. या डब्याचे आणि पोथीचे भांडण आहे का, आणि असेल तर कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचा मला जमला तसा विचार येथे मांडतो. मी शास्त्री नाही, डॉक्टर नाही. बी. कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. पण मधुमेहाची अठरा वर्षे आणि किडनीच्या दुखण्याची चार वर्षे माझ्या नावावर जमा आहेत. तेवढ्या अनुभवाच्या आधारावर बोलतो.

पहिल्यांदा प्रश्न नीट मांडू. आपल्याकडे समजूत घालताना सहज म्हणतात, "पथ्य म्हणजे व्रतच समजा हो!" ऐकायला बरे वाटते. पण हिशेब तपासला तर दोन्ही खाती वेगळी दिसतात. व्रत आपण आपणहून घेतो, पथ्य आपल्यावर येऊन पडते. व्रताला पारणे असते, पथ्याला पारणे नाही. एकादशी करणाऱ्याला द्वादशी दिसत असते. माझ्यासारख्याला कोणती तिथी दिसणार? शिवाय व्रत करणाऱ्याला मान मिळतो, पथ्य करणाऱ्याला कीव मिळते. पंगतीत "यांचं सोळा सोमवार आहे" म्हटले की लोक आदराने वेगळे ताट आणतात. "यांना शुगर आहे" म्हटले की "अरेरे" म्हणतात. मग जे आपण स्वखुशीने सोडलेच नाही, डॉक्टरांच्या कागदाने सोडायला लावले, त्याला त्याग म्हणायचे का? सक्तीच्या त्यागाचे काही पुण्य असते का? खरा प्रश्न हा आहे.

यावर एक उत्तर असे देतात की, देवाच्या दारात पथ्य पाळणे म्हणजेच अविश्वास. त्यासाठी गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायाचा दाखला देतात. तो पोटशुळाचा ब्राह्मण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अन्न खाल्ले की पोटात असह्य कळा येत, म्हणून तो पंधरवड्या-महिन्यातून कधीतरी जेवे. शेवटी कंटाळून जीव द्यायला गंगेत उतरला. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला बोलावून घेतले आणि सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घातले, तेही जड अन्न. त्याचा शूळ गेला. "बघा, महाराजांनी पथ्य मोडायला लावलं की नाही?" असे म्हणून मंडळी आपल्या हातावर पेढा ठेवतात.

ही कथा मी अनेकदा वाचली आहे आणि तिच्यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. पण ती क्रमाने वाचावी. महाराजांनी पहिली गोष्ट केली ती त्याला जीव देण्यापासून थांबवण्याची. देह टाकून देण्याची वस्तू नाही, हा त्यातला पहिला उपदेश. जेवू घालणे नंतरचे. आणि तेव्हाही सायंदेव घाबरलाच होता. याला जेवू घातले आणि तो गेला तर पातक माझ्या माथी, हे त्याने बोलून दाखवले. महाराजांनी त्या शंकेबद्दल त्याला दोष दिला नाही, प्रत्यक्ष आज्ञा देऊन जबाबदारी स्वतःकडे घेतली. मला येथे असे दिसते की, जड अन्नाने रोग बरा करणे हा गुरूंचा अधिकार आहे. शेजारच्या काकांचा नाही, आणि माझ्या जिभेचा तर मुळीच नाही. माझी जीभ "देवाचा प्रसाद आहे, खा" म्हणते तेव्हा बोलणारा देव असतो की पेढा, हे मला पुरते ओळखता येते. कथेचा पहिला भाग, देह सांभाळणे, आपल्या हातातला आहे. तो आपण करावा.

उपवासाचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला घडलेली गोष्ट दाभोलकरांच्या साईसच्चरितात आहे. गोखले आडनावाच्या एक बाई बाबांच्या पायाशी तीन दिवस उपाशी बसण्याचा निश्चय करून आल्या होत्या. बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी पाठवले, पुरणपोळ्या करायला लावल्या, मुलाबाळांना वाढायला सांगितले आणि त्यांनाही खायला लावले. आणि नेवासे तर आपले ज्ञानेश्वरीचे गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, तेथे ग्रंथ पूर्ण झाला. त्यातल्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. माप हवे. ज्याच्या त्याच्या देहाला सोसेल ते त्याचे माप.

आता हे माप आपल्या दुखण्यात काय आहे ते रोकडे सांगतो, कारण येथे श्रद्धेपेक्षा माहिती कमी पडते. इन्सुलिन घेऊन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहणे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना चेक फाडण्यासारखे आहे. चेक परत येतो तसा माणूस खाली बसतो. दरदरून घाम, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. एकादशी मोडली का, याचा विचार करत बसू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठावा. उलट उपवासाला चालते म्हणून साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली तर साखर चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. किडनीच्या रोग्याची गोष्ट आणखी निराळी. बटाटा, केळे, खजूर, नारळाचे पाणी या सात्त्विक समजल्या जाणाऱ्या वस्तूंत पोटॅशियम पुष्कळ असते. दुबळ्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. बटाटा खायचाच तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम कमी होते. उपवासाचे सैंधव हेही मीठच आहे, हेही लक्षात ठेवावे. आणि बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. किडनीच्या माणसाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

औषधांच्या त्रासाबद्दलही एक गैरसमज आपल्या पिढीत पक्का बसला आहे. काही जण गोळीने त्रास होतो म्हणून कोणाला न सांगता ती बंद करतात. काही जण त्याच्या उलट, "भोग आहेत, सोसायचे" म्हणून महिनोन् महिने सोसतात आणि त्याला तप म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. मधुमेहाच्या सुरुवातीच्या गोळीने मला जुलाब आणि गॅसचा त्रास झाला. डॉक्टरांनी ती जेवणाच्या मध्ये घ्यायला सांगितली, डोस हळूहळू वाढवला आणि पोट दोन-तीन आठवड्यांत सावरले. पुढे रक्तदाबाच्या एका गोळीने कोरडा खोकला लागला. पारायणात ओवी-ओवीला ठसका. काढे झाले, मध झाला. डॉक्टरांना सांगितल्यावर कळले की तो त्या जातीच्या गोळ्यांचाच गुण आहे. त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली आणि काही दिवसांत खोकला गेला. सूज उतरवणाऱ्या गोळीने तासाभरात दोनदा उठावे लागे आणि आसन मोडे. ती सप्ताहापुरती कधी घ्यावी हे विचारले, तर त्यांनी पारायण संपल्यानंतरची वेळ बांधून दिली. जो त्रास एका वाक्याने जाण्यासारखा आहे तो गप्प बसून सोसणे हे तप नव्हे, तो नुसता संकोच आहे. देवगडला पायी जायचे म्हणून गुडघ्यासाठी दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून मनानेच घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, त्यातल्या पुष्कळ गोळ्या किडनीला बाधतात. आधी विचारा.

पण सगळे सांगून, सगळे बदलूनही काही उरतेच. तोंडाची चव जाते. पायांना मुंग्या येतात. हातात ताट येते तेव्हा त्यातले निम्मे आपले नसते. ओळखीचे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांना दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते. ते तीर्थ घेतात ते पळीभरच, आणि तेवढे दिवसाच्या मापातून वजा करतात. या उरलेल्या दुःखाचे काय करायचे? सक्तीच्या त्यागाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

मला त्याचे उत्तर अठराव्या अध्यायात सापडले. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही की त्या शेंगांवर घर चाले. महाराज भिक्षेला आले, त्यांनी त्या शेंगांची भाजी स्वीकारली आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. म्हणजे पाहा, त्या कुटुंबाने वेल सोडला नव्हता, तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. हे पथ्यासारखेच झाले. बायको रडू लागली. ब्राह्मणाने तिची समजूत घातली, गुरूंना दोष दिला नाही. मग तो वेलाचे मूळ खणायला गेला आणि तेथे धनाचा कुंभ सापडला.

आपण कथा सांगताना कुंभावर जोर देतो. माझे लक्ष त्या आधीच्या घटकेवर जाते. वेल उपटलेला आहे, कुंभ अजून सापडलेला नाही, सापडेल हेही ठाऊक नाही. त्या वेळी त्याने घरात जे शब्द उच्चारले ते कोणाच्या सक्तीने नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते. पथ्यात आपल्या हातात असते ते एवढेच, आणि ते थोडे नाही. काय सोडायचे हे मी ठरवले नाही. पण कसे सोडायचे, कुरकुरत की शांतपणे, चोरून खात की सरळ, घरच्यांवर चिडत की त्यांना सांभाळत, हे रोज सकाळी मीच ठरवतो. व्रताचे जे काही पुण्य असेल ते ताटातल्या पदार्थांत नसून या ठरवण्यात असावे. तसे असेल तर पथ्य आपोआप व्रत होत नाही, पण ते व्रत करता येते. रोज, नव्याने.

कोणी म्हणेल, ही मनाची समजूत आहे. तुमच्या वेलाखाली कुंभ कुठे आहे? खरे आहे. माझी किडनी पूर्ववत होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे आणि मी देवाकडे तो हट्ट धरत नाही. पण कुंभ मिळाला म्हणून त्या ब्राह्मणाचे बोलणे चांगले ठरले असे नाही. कुंभ मिळाला नसता तरी ते चांगलेच होते. घरात जे रडणे थांबले ते कुंभाच्या आधी थांबले.

घराचे येथे मुद्दाम बोललो. पथ्य एकाचे असते पण चूल सगळ्यांची असते. माझी किडनी बिघडल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी होळीला पुरण घालणेच बंद केले. मी त्यांना सांगितले, पुरण घाला, मुलांना वाढा, तुम्हीही खा, मी माझी भाकरी तुमच्या शेजारी बसून खाईन. आपल्या रोगाने घरातला सण गिळू नये, हेही पथ्यच आहे. आणि उठता-बसता आपल्या रिपोर्टचे आकडे सांगून लोकांना बेजार न करणे, हे त्याहून कडक पथ्य!

शेवटी मंदिरातल्या सेवेकरी बंधू-भगिनींना विनंती. दत्तजन्माचा सुंठवडा आणि पेढा वाटताना कोणी कणभर मागितला तर कणभरच द्या. कोणी नुसता कपाळाला लावून शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवला तर "एवढ्याशाने काय होतंय" म्हणू नका. महाप्रसादात एक भाजी कमी मिठाची ठेवता आली तर ठेवा. पंगतीत एकदा विचारावे, दुसऱ्यांदा आग्रह करू नये. पथ्य हा शब्द मुळात पंथ, म्हणजे वाट, या शब्दाचाच नातलग आहे. वाटेवर ठेवते ते पथ्य. महाराजांच्या वाटेवर आपण सारे चालतो आहोत. कोणाची चाल जलद, कोणाची सावकाश. गोळ्यांचा डबा घेऊन चालणाराही त्याच वाटेवर आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!