मागचं सगळं धूसर

मी फोटोग्राफर आहे, ही गोष्ट आमच्या घरात अजून कुणाला मान्य नाही. सौभाग्यवतींच्या मते मी पेन्शनर आहे आणि कॅमेरा हा पेन्शनरांना होणारा एक आजार आहे. काहींना गुडघे होतात, काहींना कॅमेरा होतो. गुडघ्यांना निदान तेल लावता येतं.

निवृत्तीच्या दिवशी मुलानं कॅमेरा दिला आणि सूनबाईंनी त्याला लावायची हातभर लांबीची लेन्स. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती घेऊन गॅलरीत उभा राहिलो, तर समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी कावळा टिपत होतो, हे नंतर जिन्यात गाठून एकेकाला सांगावं लागलं. त्यामुळे पक्ष्यांसाठी गावाबाहेर जाणंच बरं, असं ठरलं आणि मी एका फोटो-मंडळात नाव घातलं.

मंडळात एक गुरुजी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा कावळा पाहिला. कावळा चित्राच्या बरोबर मधोमध होता, चोचीपासून शेपटीपर्यंत स्पष्ट होता, मागची पाण्याची टाकी स्पष्ट होती, टाकीवरचा सुकत घातलेला टॉवेलही स्पष्ट होता. मला तर तो फोटो फार प्रामाणिक वाटला होता.

"हा पासपोर्टचा फोटो झाला," गुरुजी म्हणाले. "कावळ्याला काय परदेशी जायचंय?"

मग त्यांनी मला नवी विद्या शिकवली. विषय मधोमध ठेवायचा नाही, कोपऱ्यात ढकलायचा. सगळा पक्षी दाखवायचा नाही. एक डोळा, एक पीस, नुसते पाय, पायांचं पाण्यातलं प्रतिबिंब, एवढ्यावर भागवायचं. आणि लेन्सचं भोक मोठं ठेवायचं, म्हणजे ज्यावर नजर रोखली तेवढंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं सगळं विरघळून जातं. गंमत म्हणजे भोक जितकं मोठं तितका त्याचा आकडा लहान. दोन पूर्णांक आठ म्हणजे मोठं भोक आणि सोळा म्हणजे बारीक. मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. मोठा आकडा म्हणजे मोठी रक्कम, एवढंच मला ठाऊक. हे उलटं गणित डोक्यात शिरायला दोन महिने गेले.

"लक्षात ठेवा," गुरुजी म्हणाले, "काय दाखवायचं हे कुणालाही कळतं. काय दाखवायचं नाही हे कळतं तो कलावंत."

हे वाक्य मला एकदम पटलं, कारण आमच्या बँकेतले कर्ज मागायला येणारे निम्मे लोक याच अर्थानं कलावंत होते.

घरी सराव सुरू झाला. मांजराची एकच मिशी स्पष्ट आणि मांजर धूसर. पालीचं शेपूट स्पष्ट आणि पाल चित्राबाहेर. लग्नाच्या वाढदिवसाला मी सौ.चा फोटो काढला. कानातली कुडी अशी आली होती की मोती मोजून घ्यावेत.

"आणि माझा चेहरा कुठाय?"

"तो मुद्दाम धूसर ठेवलाय. त्याला कला म्हणतात."

"अहो, चाळीस वर्षं तुम्ही दागिन्यांचंच बिल बघताय आणि मी मागं धूसर. आज फक्त फोटो निघाला, एवढंच."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी लेन्सला टोपण लावलं.

थंडीच्या अखेरीस मंडळाची सहल भिगवणला निघाली. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. तिथल्या उथळ, चिखलट पाण्यात रोहित पक्षी उतरतात. अग्निपंख म्हणतात ते हेच. पासपोर्टाशिवाय कच्छपर्यंत ये-जा करणारी ही मंडळी. चोच उलटी करून पाण्यात बुडवतात आणि चिखल गाळून त्यातलं शेवाळ अन् बारीकसारीक जीव खातात. त्या खाण्यातूनच पिसांना गुलाबी रंग चढतो. आपण इतकी वर्षं मेथी खातो, पण हिरवे झालो नाही.

पहाटे होडीत बसलो. आम्ही सहाजण आणि नावाडी. आसपास अशाच दहाबारा होड्या, प्रत्येकीत एकेक तोफखाना. नावाडी साठीपुढचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. तो पुढं उभा राहून बांबू टेकत होता आणि नेमका माझ्या चित्रात येत होता.

"दादा, जरा वाकता का?"

तो वाकला. मी टिपलं. तो पुन्हा उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो, "दादा, जरा." असं वीसेक वेळा झालं. एकदाही तो कुरकुरला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, तुमी जिथं नेम धरलाय ना, ते आमचं रान व्हतं. ज्वारी व्हायची. घर पार आत गेलं, खोल पाण्यात."

"असं?" मी म्हणालो. डोळा कॅमेऱ्यालाच होता. त्या क्षणी एका रोहितानं पाय उचलला होता.

तो उचललेला पाय, त्याखाली पाण्यात उमटलेलं वलय आणि बाकी सगळा गुलाबी धूर, असा तो फोटो निघाला. मंडळाच्या प्रदर्शनात तो लागला. खाली नाव द्यायचं होतं. मी दिलं: 'एकांत'. दुसरं बक्षीस मिळालं. एक बाई तर त्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती शांत! माणसाचा स्पर्शच नाही हो." मी विनयानं मान खाली घातली. मान खाली घातली की तोंड दिसत नाही, ही विनयाची मोठी सोय आहे.

त्या रात्री मात्र झोप लागेना. एकांत? होडीत आम्ही सातजण होतो. एकाला सर्दी होती आणि एकजण मुलीच्या लग्नाचा खर्च सांगत होता. आजूबाजूला साठ-सत्तर माणसं. आणि पाण्याखाली तर एका माणसाचं लहानपण. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हा भीमेकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं आणि लोक बघायला जातात. पाणी आलं म्हणून गावं गेली, आणि पाणी आलं म्हणूनच पक्षी आले. म्हणजे मी जे धूसर करून टाकलं होतं, त्याच्याच जिवावर माझं चित्र उभं होतं.

मी खोटं बोललो होतो का?

फसवाफसवीचा इतिहास या धंद्यात जुना आहे. इंग्लंडात कीअर्टन नावाचे दोन भाऊ होते. १८९२ साली त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचा अंड्यांसकट फोटो काढला. पुढं पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचं कातडं आतून पोकळ ठेवून उभं केलं आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढले. पण तिथं फसला तो पक्षी, बघणारा नव्हे. १९८२ साली मात्र 'नॅशनल जिऑग्राफिक'नं मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड चित्रात जवळजवळ सरकवले. जी वस्तू हलवण्याची हिंमत साडेचार हजार वर्षांत कुणाला झाली नाही, ती संपादक मंडळींनी टेबलावर बसून हलवली. आणि २००९ साली लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. हा लांडगा रानटी नसून माणसाळलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या जानेवारीत ते बक्षीस काढून घेण्यात आलं. फोटो काढणाऱ्यानं आरोप नाकारला, तो भाग वेगळा.

मी पिरॅमिड सरकवले नव्हते की लांडगा पाळला नव्हता. मी फक्त नजर एका ठिकाणी रोखली. आणि ती तर देवानं दिलेला डोळाही रोखतो. पानातली मिरची शोधताना आपल्याला ताट दिसत नाही. सगळंच सारखं स्पष्ट दिसायला लागलं तर माणूस रस्तासुद्धा ओलांडू शकणार नाही. तेव्हा धूसर करणं हा गुन्हा नव्हे. त्याशिवाय पाहणंच होत नाही.

मग चुकलं कुठं? बराच वेळ कूस बदलल्यावर मला ते सापडलं. चित्रात खोटं काहीच नव्हतं. खोटं खालच्या पट्टीवर होतं. 'मला एवढंच दिसलं' असं म्हणणं वेगळं आणि 'तिथं एवढंच होतं' असं म्हणणं वेगळं. पहिलं कॅमेरा म्हणतो. दुसरं मी म्हणालो होतो, आणि वर बक्षीसही घेतलं होतं.

पुढच्या महिन्यात मी एकटाच भिगवणला गेलो. त्याच नावाड्याची होडी घेतली. फोटोची एक प्रत त्याच्या हातात ठेवली.

"ह्यात मी कुठं?" त्यानं विचारलं.

मी डाव्या कोपऱ्यातला मातकट डाग दाखवला. तो मफलर होता.

"मला वाटलं गाळ हाय," तो म्हणाला आणि मोकळेपणानं हसला. मला हसता आलं नाही.

त्या दिवशी मी त्याला वाकायला सांगितलं नाही. बांबूवर रोवलेला त्याचा हात तेवढा स्पष्ट घेतला. नखातली माती, मनगटावरचा काळा दोरा, सगळं. मागं रोहितांचा थवा नुसता गुलाबी पट्टा झाला. मंडळात परीक्षक म्हणाले, "पक्षी फोकसमध्ये नाहीत." मी म्हणालो, "नाहीत." बक्षीस मिळालं नाही. यावेळी पट्टीवर मी गावाचं नाव आणि तारीख लिहिली होती.

तोही फोटो मी नावाड्याला नेऊन दिला. मनात होतं, गडी खूष होईल. त्यानं तो लांब धरला, जवळ धरला.

"आन् ह्यात पक्षी कुठं हायत? गिऱ्हाइकाला काय दावू?"

शेवटी त्यानं दोन्ही ठेवून घेतले. पायाचा फोटो होडीच्या धंद्याच्या फलकासाठी. हाताचा घरात. "लेक म्हणंल, बापाचा हात हाय."

घरी येऊन मी ही सगळी हकीकत सौ.ला सांगितली. तिनं ती ऐकली आणि शांतपणे कानातल्या कुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"आता काढा," ती म्हणाली.