दारात की रांगेत?



गरजू कुटुंबाला मदत करायची तर त्यांच्या घरी जायलाच हवे का? पैसे थेट बँक खात्यात जमा करता येतात. धान्याच्या पिशव्या मिस्सेनंतर चर्चच्या कार्यालयापुढे रांग लावून वाटता येतात. वेळ वाचतो, हिशेबही चोख राहतो. मग सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद आजही जोडीजोडीने घरी का जातात? केवळ सवय म्हणून जात असतील, तर ती सोडलेली बरी.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला 1833 सालच्या पॅरिसमध्ये जावे लागते. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा तेथे कायद्याचे शिक्षण घेत होते. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत विरोधकांनी विचारले, तुमच्या ख्रिस्तसभेने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य, पण आज तुम्ही काय करता? आदल्याच वर्षी कॉलऱ्याने त्या शहरात हजारो बळी घेतले होते. ओझानाम विद्वान होते, पुढे सोरबोनमध्ये प्राध्यापक झाले. शब्दाला शब्द देणे त्यांना जड नव्हते. पण 23 एप्रिल रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ते मोजक्या मित्रांसह एकत्र बसले आणि त्यांनी गरिबांच्या घरी जायचे ठरवले. मुफ्तार भागात सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना कुटुंबांची नावे दिली, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि त्या घरांत कसे वागावे हेही शिकवले.

म्हणजे ही चळवळ मदतवाटपाची योजना म्हणून जन्मली नाही. श्रद्धेवर घेतलेल्या शंकेला ते उत्तर होते आणि भेट हेच त्या उत्तराचे रूप होते. मत्तयच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात, प्रभू येशू अन्नवस्त्राबरोबर भेटीचाही हिशेब मागतो, हे येथे आठवावे.

तरीही एक अडचण उरते. भेट रांगेपेक्षा वाईट ठरू शकते. दोन माणसे खाटेवर बसून रेशनकार्ड मागतात, टीव्ही कधी घेतला म्हणून विचारतात, शेजारी दारातून डोकावतात. अशी चौकशी सोसण्यापेक्षा खात्यात पैसे आलेले बरे, असे त्या घरच्या बाईला वाटले, तर माझ्या मते तिचे चूक नाही. 1848 साली ओझानाम यांनी एका वृत्तपत्रात नेमका हाच भेद मांडला होता: काही मदत माणसाला खाली पाहायला लावते, तर काही त्याचा मान राखते. त्यांच्या मते पावाबरोबर धीर देणारी भेट आणि बरोबरीने हातात घेतलेला हात हवा. घेणाऱ्याकडेही देण्यासारखे काही असते, हे देणाऱ्याने ओळखावे.

त्याआधी लिऑन येथे कायदा शिकवताना ते म्हणाले होते, की दया त्या भल्या शोमरोनी माणसाप्रमाणे जखमांवर तेल ओतते, पण वाटसरूवर हल्लाच होऊ नये हे पाहणे न्यायाचे काम आहे. हल्ला कोठून होतो हे रांगेत कळत नाही. घरातल्या कर्त्याची तीन महिन्यांची मजुरी ठेकेदाराने अडकवली आहे, मुलीची शाळा सुटली आहे, हे घरात निवांत बसल्यावरच कळते. कळल्यावर ठेकेदाराकडे कोणी जायचे, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो तांदळाच्या पिशवीने सुटत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1997 साली ओझानाम यांना ‘धन्य’ घोषित केले. त्यांना आयुष्य अवघे चाळीस वर्षांचे लाभले. सोसायटी सुरू करणाऱ्यांत बहुतेक कॉलेजची मुले होती. आपल्याकडे मात्र हे काम बहुधा निवृत्त मंडळींच्या खांद्यावर असते आणि त्यांना जिने चढायला त्रास होतो.