मजकूर माझा, पत्ता कोणाचा?

ब्लॉग फुकटच्या प्लॅटफॉर्मवरून स्वतःच्या होस्टिंगवर न्यावा की नाही, हा वाद मराठी लिहिणाऱ्यांमध्ये अधूनमधून उसळतो आणि दर वेळी एकाच उपमेपाशी येऊन थांबतो : भाड्याचे घर सोडून हक्काच्या घरात जायचे. उपमा सोयीची आहे आणि म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. स्वतःचे होस्टिंग हे हक्काचे घर नव्हे. तिथली जागाही कुणाच्या तरी डेटा सेंटरमधली आणि वर्षाच्या भाड्याचीच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली आणि ज्यांनी बॅकअप दुसरीकडे ठेवला नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला. ही मंडळी रीतसर पैसे भरणारी होती. यंत्र कोणाचे, या प्रश्नाभोवती कितीही घोटाळलो तरी हाती काही लागत नाही. ब्लॉग आपल्या ताब्यात आणावा असेच माझे मत आहे आणि ते ठाम आहे. पण तो ज्या कारणासाठी आणावा, त्याविषयी या वादात फारसे कुणी बोलत नाही.

खर्चाचा मुद्दा मी बाजूला ठेवतो; ज्याला वर्षाकाठी चार दिवाळी अंक परवडतात त्याला डोमेन परवडते. सुरक्षिततेची भीती खरी असली, तरी अपडेट वेळेवर करणाऱ्याला ती फारशी छळत नाही. वाचक फेसबुकवर आहेत म्हणून तिथेच लिहावे असे सांगणाऱ्यांनी आपलीच सहा वर्षांपूर्वीची पोस्ट तिथे शोधून पाहावी.

एका मताला मात्र असे उडवून लावता येत नाही, कारण ते समंजस माणसांचे मत आहे. ते म्हणतात, मजकूर जपला की सगळे जपले. लेखक म्हणजे त्याचे शब्द. गूगलची ‘ब्लॉगर’ ही सेवा एका बटणावर सगळे लेख फाइल करून देते, ती फाइल दोन ठिकाणी ठेवा, प्लॅटफॉर्म बुडाला तर दुसरीकडे मांडा. जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. ही यादी सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यातून धडा एकच काढला जातो : प्रत ठेवा. हा धडा अपुरा आहे. अपुरा असूनही तो पूर्ण समाधान देतो, हे जास्त वाईट.

आधी ती फाइलच उघडून पाहावी. तिच्यात लेख असतात, तारखा असतात, प्रतिक्रियाही असतात. छायाचित्रे नसतात. त्यांच्या जागी असतात गूगलच्या सर्व्हरवरचे पत्ते. एखाद्या दुर्गभटक्याने पंधरा वर्षे लिहिलेला ब्लॉग या फाइलवरून दुसरीकडे उभा केला, तर पहिल्या दिवशी तो जसाच्या तसा दिसतो. टाकी दिसतात, दरवाजे दिसतात, झिजलेला शिलालेख दिसतो. लेखकाला वाटते, सगळे आले. प्रत्यक्षात प्रत्येक चित्र अजून जुन्या ठिकाणाहूनच येत असते. ती वाट बंद झाली की ‘खालच्या छायाचित्रात डावीकडे जी खूण दिसते’ हे वाक्य उरते आणि खाली रिकामी चौकट.

पण समजा, चित्रेही एकेक करून उतरवून घेतली. तरीही हे मत चुकीचेच आहे, आणि याचा पुरावा आपल्याच अंगणात घडलेला आहे. २०१२ मध्ये गूगलने ब्लॉगरच्या ‘ब्लॉगस्पॉट’ पत्त्यांवरचे वाचक देशवार पत्त्यांवर वळवायला सुरुवात केली. भारतातून ‘डॉट कॉम’वरचा ब्लॉग उघडला तरी ॲड्रेस बारमध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ असे उमटायचे. साहजिकच त्या काळात भारतीय वाचकाने जी लिंक उचलली, मेलमध्ये चिकटवली, लेखाच्या तळटीपेत दिली, ती बहुतेक ‘डॉट इन’ची होती. पुढे ही वळवावळवी थांबली आणि २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून सुटले. ते दुसऱ्याच कुणीतरी नोंदवले. मजकुराला धक्काही लागला नाही. ‘डॉट कॉम’वर प्रत्येक लेख जिथल्या तिथे होता. मोडल्या त्या वाचकांनी घातलेल्या वाटा. ‘इन’च्या जागी ‘कॉम’ लिहिले की लेख उघडतो हे माहीत असणारे किती? ज्याला कुणीतरी कधीकाळी ती लिंक पाठवली होती, त्याच्या लेखी तो लेख संपला.

मजकूर जपला की सगळे जपले असे म्हणणाऱ्यांना मला विचारायचे आहे, इथे नेमके काय गेले? त्यांच्या हिशेबात याला रकानाच नाही. कारण लेखन म्हणजे लेखकाजवळचे शब्द एवढेच ते धरतात. लेख दुसऱ्याने उद्धृत केला, त्याच्याशी वाद घातला, त्याच्या आधाराने पुढचे काही लिहिले, की त्याचा पत्ता लेखकापुरता राहत नाही. छापील मराठीला हे नीट ठाऊक होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. आजचा अभ्यासकही अमुक खंड, अमुक लेखांक असा हवाला देतो. छापखाना बंद पडो, नव्या आवृत्तीत पाने मागेपुढे होवोत, लेखांक हलत नाही. अशा न हलणाऱ्या खुणांवर वादविवादाची परंपरा उभी राहते. वेबवरच्या खुणा मात्र अशा टिकत नाहीत. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिले की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यांतल्या कितींचे शब्द कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये शाबूत असतील! वाचणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

यावर उत्तर येते, गूगलवर शोधले की सापडेल. शोधयंत्र त्याला योग्य वाटेल ते देते; हवाला म्हणजे मी म्हणतो तेच, दुसरे काही नाही. शिवाय मराठीची अडचण निराळी आहे. लेखाचे शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगर पत्त्यात ते घेतच नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा लावून मोकळा होतो. अशी लिंक मेली की ती कोणत्या लेखाची होती याचा अंदाजसुद्धा करता येत नाही. वर्डप्रेस देवनागरी घेते, पण पत्त्यात प्रत्येक वर्णचिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि मर्यादा दोनशेची, म्हणजे काना-मात्रा धरून बाविसाच्या आसपास चिन्हे झाली की शीर्षक कापले जाते. (माझा सल्ला विचाराल तर पत्ता रोमनमध्ये, आखूड, हाताने लिहावा. मराठीच्या अभिमानाला इथे काही कमीपणा येत नाही.) उरला इंटरनेट अर्काइव्हचा आधार. ते काम थोर आहे, पण तिथली जुनी प्रत काढायला मुळात जुना पत्ताच हातात लागतो.

म्हणून मी मजकुराची मालकी आणि पत्त्याची मालकी वेगळी धरतो, आणि दुसरी अधिक महत्त्वाची मानतो. हे एकदा मान्य केले की स्थलांतराचा क्रमच उलटतो. आधी डोमेन घ्यावे आणि ब्लॉग जिथे आहे तिथेच ते जोडावे. ब्लॉगर यासाठी वेगळे पैसे घेत नाही आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपणहून नव्याकडे वळवतो. वाचकांना, इतर साइटना, शोधयंत्रांना तो पत्ता सरावाचा होऊ द्यावा. होस्टिंग बदलायचे ते त्यानंतर, सवडीने; न बदलले तरी बिघडत नाही. बदललेच, तर वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकची, म्हणजे लेखाच्या कायम पत्त्याची, रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ अशी ठेवता येते, म्हणजे ब्लॉगरचा साचा तसाच राहतो आणि जुन्या लिंक चालू राहतात. बरेच जण नव्या जागी गेल्याच्या उत्साहात सुबक नवे पत्ते करतात आणि जुने वाऱ्यावर सोडतात. त्यांनी सर्व्हर मिळवला आणि आपल्या वाचकांचा पंधरा वर्षांचा उद्योग मोडला. उलट जो ब्लॉगरवरच राहिला पण स्वतःच्या डोमेनवरून लिहितो, तो माझ्या मते अधिक स्वतंत्र आहे.

डोमेनही भाड्याचेच, हा आक्षेप रास्त आहे. ‘डॉट कॉम’ एका वेळी दहा वर्षांपलीकडे नोंदवता येत नाही. फरक एवढाच, पण तो निर्णायक : नोंदणी करणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. कुणाचाही गाशा गुंडाळला गेला तर मी दुसऱ्याकडे जातो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरा अवघड प्रश्न लेखकाच्या मृत्यूनंतरचा आहे. फुकटच्या प्लॅटफॉर्मवरचा दिवंगत लेखकाचा ब्लॉग कित्येकदा तसाच उभा राहतो. स्वतःचे डोमेन मात्र नूतनीकरणाची तारीख चुकली की काही आठवड्यांच्या सवलतीनंतर बाजारात जाते. यावर तांत्रिक तोड नाही. आपल्या कायद्याने मजकुरावरचा हक्क लेखकाच्या पश्चात ६० वर्षे वारसांकडे राहतो, पत्त्याची काळजी मात्र कुणाच्याच यादीत नसते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून पुस्तके सांभाळते आहे. अशा संस्थांनी, साहित्य परिषदांनी, विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी दिवंगत लेखकांची डोमेन वारसांच्या संमतीने आपल्याकडे घ्यावीत. त्याला वेगळी सर्व्हरची खोली नको. नूतनीकरणाच्या तारखा पाहणारा एक माणूस हवा आणि कोणता जुना पत्ता कुठे वळवला आहे याची वही हवी.