जळलेली पुस्तकं आणि दारावरची पाटी

२५-२६ ऑगस्ट १९९२ च्या रात्री वेढ्यातल्या सारायेव्होवर डोंगरावरून सर्ब फौजेनं तोफगोळे डागले. बोस्नियाचं राष्ट्रीय ग्रंथालय पेटलं. लोकांनी रांग लावून हातोहात पुस्तकं बाहेर काढली, तरी लाखो जळाली. २०१४ साली इमारत पुन्हा उभी राहिली. राख झालेले ग्रंथ गेले ते गेलेच.

दारावर पाटी आहे : हे 'सर्ब गुन्हेगारां'नी जाळलं. पाटी हवीच. विसरा म्हणणारा जाळणाऱ्याचाच सोबती. पण त्या आगीत सर्ब लेखकांची पुस्तकंही जळाली, अन् शहरात राहून तेच गोळे झेलणारे सर्बही होतेच की! मग पाटीवर गुन्हेगार लिहायचा की त्याची जमात? जन्म बघून माणसाला दोषी धरायचं, ही तर तोफवाल्यांची शिकवण. ती आपण दगडात का कोरायची?