उजनीचं पाणी पिताना

सांगोल्यात उन्हाळ्यात पेपर हातात आला की आधी एक आकडा शोधतात. उजनी किती टक्के? माण नदी वर्षातला बराच काळ नुसती वाळू. त्यामुळे शहराची आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांची तहान चंद्रभागेवर, म्हणजे पंढरपूरच्या भीमेवर, भागते. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूरला पोचायचं, तिथून उपसून पाइपलाइनने आमच्याकडे यायचं. ‘सोलापूर, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्यासाठी पाणी सोडलं’ ही ओळ वाचत इथली एक पिढी मोठी झाली. धरण दुसऱ्या तालुक्यात असलं तरी तो आकडा आमच्या घरातला आहे.

मे 2024 मध्ये उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात होती, आणि बरीच खाली गेली होती. पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं आणि ते बघायला माणसं जात होती. त्याच उजनीत 21 मेच्या संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उलटली. बोटीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण बुडाले. त्यात एक नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान लेकरं होती. एनडीआरएफची पथकं शोधत होती, काठावर नातेवाईक बसून होते. तिसऱ्या दिवशी मृतदेह सापडू लागले.

त्या तीन दिवसांत माझ्या मनात काय चाललं होतं, हे मला स्वतःलाच विचारायचं आहे. हळहळ वाटली, ती खोटी नव्हती. त्या लेकरांचं वय वाचून जेवण गोड लागलं नाही. पण त्याच वेळी नजर पानाच्या कोपऱ्यातल्या टक्क्यावर जात होती, हेही तितकंच खरं. पाऊस लांबला तर आपल्याला पाणी पुरेल का, ही चिंता त्या दुःखाच्या शेजारी बसली होती आणि दोघांची एकमेकांना काही ओळख नव्हती. ज्या पाण्याने सहा जणांना घेतलं तेच पाणी माझ्या माठात आहे, ही गोष्ट मनाला शिवली नाही. अपघात तिकडे झाला, पाणी इकडे येतं, अशी मी सोयीस्कर वाटणी करून ठेवली होती.

ती माणसं बोटीत का बसली होती? हौसेने नव्हे. उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमेचा फुगवटा मागे पसरत गेला. गावं उठली, जमिनी गेल्या, देवळं बुडाली आणि रस्तेही बुडाले. करमाळ्याची आणि इंदापूरची गावं समोरासमोर दिसतात, पण मध्ये पाणी. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून शाळा, बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं होडीवर आणि बोटीवर. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी या लोकांनी वर्षानुवर्षं केली. पूल मंजूरही झाला, पण त्या संध्याकाळी तिथे बोटच होती. धरण झालं नसतं तर ही माणसं त्या पाण्यावर नसती. आणि धरण झालं नसतं तर मी आज काय प्यालो असतो, हेही मला माहीत आहे. टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत, चारा छावणीत महिनोन् महिने जनावरांजवळ झोपलेली माणसं पाहिली आहेत. धरण नको होतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या तोंडी ते ढोंग ठरेल.

गुन्हा माझा नाही. तरी देणं माझ्याकडे लागतंच, असं मला आता स्पष्ट दिसतं.

हा विचार मागे नेला की आणखी एक तारीख आडवी येते. 8 ऑगस्ट 2019. कृष्णेला महापूर होता. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि 17 माणसं गेली. त्यात बायका होत्या, पोरं होती. बोट गावची, माणसं तिच्या कुवतीपेक्षा जास्त, अंगावर लाइफ जॅकेट नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे आभाळ कोरडं होतं. टीव्हीवर सांगली बुडालेली दिसायची आणि चौकात, कट्ट्यावर एकच बोलणं चालायचं, ‘हे वाया जाणारं पाणी आपल्याकडे वळवलं तर?’ मागणी रास्तच होती, आजही आहे. म्हैसाळ आणि टेंभू योजनांतून कृष्णेचं पाणी आमच्या तालुक्यात येतं, त्यावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहतात. पण ज्या पाण्याकडे आम्ही आशेने बघत होतो त्यात त्या क्षणी माणसं बुडत होती. भीमेचं पाणी पितो, कृष्णेचं शेताला देतो. दोन्ही नद्यांनी माणसं घेतली आणि दोन्हीकडचे मृत आम्ही ‘तिकडचे’ म्हणून सोडून दिले.

पाण्यासाठी या भागाने मोठा लढा दिला. गणपतराव देशमुखांनी, आमच्या आबासाहेबांनी, त्यात हयात घालवली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदेत समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला गेला. त्या मागणीने आम्हाला ताठ मानेने उभं राहायला शिकवलं आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र समन्यायी वाटप म्हणताना आम्ही पाण्याचा वाटा मागितला, त्या पाण्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दुःखात आमचा वाटा किती, हे कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आनंदाच्या गर्दीत मृतांना विसरणं आपल्याकडे नवं नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. एकोणतीस दिवसांनी स्वातंत्र्य आलं. कोकणातल्या कितीतरी घरांनी तो दिवस सुतकात काढला असेल, पण देशाच्या आठवणीत रामदासला फारशी जागा मिळाली नाही. सहाशेंची ही गत, तर सहांचं काय? ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरली की आम्हीही पेढे वाटतो. त्या शंभर टक्क्यांत कुगावचं पाणी धरलेलं असतं, माणसं धरलेली नसतात.

स्मरण केल्याने मेलेलं कोणी परत येत नाही, आणि दोन मिनिटं उभं राहून मन हलकं करून घ्यायचा धोकाही आहे. तेवढ्यावर थांबलो तर ते स्मरण माझ्याच सोयीचं. म्हणून त्याच्यासोबत काही काम हवं. 2017 मध्ये याच उजनीत माळशिरस तालुक्यातल्या डॉक्टरांची बोट उलटून चौघे गेले होते. तेव्हाही सुरक्षेची चर्चा झाली आणि विरली. ती विरली, कारण पाणी पिणाऱ्या लाखो लोकांपैकी कोणी ती लावून धरली नाही. आमच्याकडे आमदार आहेत, पंचायत समिती आहे, ग्रामसभा आहेत. आवर्तन दोन दिवस लांबलं तर निवेदनं जातात, रस्ता रोको होतो. तसं एक निवेदन फुगवट्यातल्या प्रत्येक बोटीत लाइफ जॅकेट असावं आणि वारं सुटल्यावर बोट सुटू नये यासाठी आमच्या ग्रामसभेतून का जाऊ नये? पाणी आमचं आहे म्हणताना आवाज चढतो, तो इथेही चढायला हवा.

येत्या 21 मेला आपापल्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली जमा. कुगाव-कळाशीच्या बोटीतल्या सहा जणांसाठी उभे राहा आणि तिथेच त्या निवेदनावर सह्या करा. आणि आषाढीला पंढरपुरात लेकरांना होडीत बसवण्याआधी जॅकेट मागा. नसेल तर बसू नका.