संग्रह की परिग्रह?

'ग्रह्' या एकाच धातूपासून संग्रह आणि परिग्रह हे दोन्ही शब्द सिद्ध झाले आहेत. 'सम्' हा उपसर्ग एकत्र, नीटपणे, हा भाव दाखवतो. 'परि' हा सभोवार, सर्व बाजूंनी, हा भाव दाखवतो. विखुरलेले नीट एकत्र आणून धरणे हा संग्रह; धरलेल्याला सर्व बाजूंनी कवटाळणे हा परिग्रह. पहिल्या शब्दाला शास्त्राने 'लोकसंग्रह' या थोर पदात स्थान दिले आणि दुसऱ्याचा त्याग यमांमध्ये सांगितला. इतका भेद असूनही व्यवहारात मात्र दोहोंचे बाह्य रूप एकच दिसते. वस्तू घेणारा हात तोच, ठेवण्याची पेटीही तीच. मग आपल्या हातून घडत आहे तो संग्रह की परिग्रह, हे मनुष्याने ओळखावे कसे?

धान्य, धन, भूमी यांची उदाहरणे घेतली तर निर्णय अवघड होतो, कारण तेथे गरजेची सबब नेहमीच पुढे करता येते. म्हणून ज्या वस्तूवाचून कोणाचेच काही अडत नाही अशी एखादी वस्तू घेऊन विचार केलेला बरा. अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चित्रपटांची मर्यादित प्रतींत छापलेली भित्तिपत्रके जमवण्याचा छंद फार वाढला आहे. कागदाचा एक ताव, त्यावर काही रंग, आणि कोपऱ्यात शिसपेन्सिलीने घातलेला एक आकडा. एवढीच ती वस्तू. परंतु मनाची परीक्षा घेण्यास ती पुरेशी आहे.

प्रथम जुन्या भित्तिपत्रकाचे आयुष्य पाहावे. ते जन्मास येई ते भिंतीवर डकवले जाण्यासाठी. ऊन, पाऊस आणि खळ यांचा मारा सोसत ते आठ-पंधरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्यास आमंत्रण देई आणि मग त्याच्याच छातीवर दुसऱ्या खेळाचे पत्रक चिकटवले जाई. अमेरिकेत १९४० पासून पुढे सुमारे चार दशके चित्रपटगृहांना भित्तिपत्रके पुरवण्याचे काम बहुतांशी नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था करीत असे. त्या पत्रकांच्या तळाशी बारीक अक्षरांत अशा अर्थाची सूचना छापलेली असे की, ही वस्तू संस्थेच्या मालकीची असून ती केवळ खेळापुरती लावण्यास दिली आहे आणि खेळ संपताच परत करावयाची आहे. घडी घातलेली ती पत्रके एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत, फाटत, आणि शेवटी नाहीशी होत. 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या जर्मन चित्रपटासाठी हाइन्त्स शुल्त्स-नॉइडाम या चित्रकाराने केलेल्या प्रसिद्ध भित्तिपत्रकाच्या अवघ्या चार प्रती शिल्लक असल्याचे मानले जाते, आणि त्यांतील एक २००५ साली ६,९०,००० डॉलरना विकली गेली. ही दुर्मिळता कोणी योजलेली नव्हती. बाकीच्या प्रतींनी आपले काम केले आणि त्या काम करता करता झिजून गेल्या, म्हणून या चार दुर्मिळ ठरल्या.

आता नव्या भित्तिपत्रकाकडे वळू. टेक्सास राज्यातील ऑस्टिन या शहरी १९९७ साली अलामो ड्राफ्टहाउस हे चित्रपटगृह सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असे सदऱ्यांचे एक लहानसे दुकान पुढे 'मोंडो' या नावाने भित्तिपत्रकांसाठी ख्यातीस आले. (२०२२ साली ही संस्था फन्को या खेळणी करणाऱ्या कंपनीने विकत घेतली.) चित्रपटसंस्थेची परवानगी घेऊन एखाद्या जुन्या वा नव्या चित्रपटावर चित्रकाराकडून स्वतंत्र कल्पनेने चित्र काढवून घ्यावयाचे, ते स्क्रीन प्रिंटिंगने काही शे प्रतींत छापावयाचे आणि विकावयाचे, असा हा उद्योग. ऑली मॉस, टायलर स्टाउट, मार्टिन आन्सिन, लोराँ द्युरिओ अशा चित्रकारांची नावे यामुळे चित्रपटरसिकांच्या तोंडी झाली. मॉस याने २०१० साली 'स्टार वॉर्स'च्या तीन चित्रपटांसाठी केलेली पत्रके पाहावीत. दुरून पाहता एका पात्राच्या मस्तकाची केवळ बाह्याकृती दिसते. जवळ जाताच त्या आकृतीतच चित्रपटातील एक संपूर्ण प्रदेश उलगडतो. पाहण्याचा आनंद देणारी ही कला आहे, यात संशय नाही.

छपाईची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. सॅम्युअल सायमन याने मँचेस्टर येथे १९०७ साली जिचे पेटंट घेतले त्या रेशमी जाळीच्या छपाईचेच हे सुधारलेले रूप आहे. चौकटीवर ताणून बसवलेल्या बारीक जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. चित्राचा ज्या रंगाचा भाग छापावयाचा, तेवढी जागा झाकून उरलेल्या लेपावर प्रकाश पाडतात. झाकलेला लेप पाण्याने धुऊन जातो आणि जाळीची छिद्रे तेथे मोकळी होतात. मग रबरी पात्याने शाई ओढली की ती त्या छिद्रांतून कागदावर उतरते. प्रत्येक रंगास निराळी जाळी लागते. सहा रंग असतील तर प्रत्येक कागद सहा वेळा जाळीखाली जातो, आणि दर वेळी तो केसभरही न सरकता आधीच्या रंगांशी जुळावा लागतो. काम संपले म्हणजे जाळीवरचा लेप रसायनाने काढून टाकतात आणि ती दुसऱ्या चित्रासाठी पुन्हा कोरी करतात.

अशा रीतीने तयार झालेल्या प्रतींवर अनुक्रमांक पडतो : चारशे प्रती असतील तर एक भागिले चारशे, दोन भागिले चारशे, असा. त्याच चित्राची रंग बदलून आणखी थोड्या प्रतींची निराळी आवृत्ती बहुधा निघते, आणि ती अर्थातच अधिक मागितली जाते. मोंडोच्या भरभराटीच्या वर्षांत विक्रीचा नेमका क्षण आधी जाहीर होत नसे. तो अचानक कळवला जाई आणि काही मिनिटांत सर्व प्रती संपत. त्यानंतर तीच पत्रके लिलावाच्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने दिसू लागत.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कागदाच्या तुकड्यासाठी एवढा खटाटोप हा निव्वळ मोह होय. परंतु हा पूर्वपक्ष टिकत नाही. जतन करणारे हात नसते तर कलेचा पुष्कळसा इतिहासच उरला नसता. १९३५ ते १९४३ या काळात अमेरिकी शासनाने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी जी योजना चालवली, तीत न्यूयॉर्क येथे अँथनी व्हेलोनिस याच्या प्रयत्नाने जाळीची छपाई भित्तिपत्रकांसाठी रूढ झाली. नाटके, प्रदर्शने, आरोग्य अशा लोकोपयोगी विषयांवरील ती पत्रके होती. त्यांपैकी नऊशेहून अधिक आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात पाहावयास मिळतात. कोणीतरी ती नीट ठेवली म्हणूनच. चित्रपट अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयानेही २०११ साली मोंडोची पत्रके आपल्या संग्रहात घेण्यास आरंभ केला. तेव्हा ठेवणे हा दोष नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, जी रीत एकाचे अनेक करण्यासाठीच निर्माण झाली तिला चारशेवर थांबवणे हा कृत्रिम टंचाईचा डाव आहे. यातही अर्धेच सत्य आहे. हाताच्या कामाला मर्यादा असते; परवानगीही बहुधा ठरावीक प्रतींपुरतीच मिळते; आणि कोणतीही मर्यादित आवृत्ती हे विकत घेणाऱ्यास दिलेले एक वचन असते. वचन देऊन ते पाळणाऱ्या चित्रकारास वा छापणाऱ्यास दोष कसा द्यावा? यातून त्यांचा योगक्षेमही चालतो. दोष असलाच तर तो त्या आकड्याकडे पाहणाऱ्या दृष्टीत शोधला पाहिजे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विभागलेल्या पदार्थांत अविभक्त असे एक तत्त्व पाहणे हे सात्त्विक. प्रत्येकास केवळ वेगळेच म्हणून पाहणे हे राजस. आणि एकाच तुकड्याला हेच सर्वस्व म्हणून चिकटणे हे तामस. तो उपदेश फार मोठ्या विषयाचा आहे. पण त्याचे प्रतिबिंब या चारशे कागदांतही पडते. चित्र एक आहे, प्रती चारशे आहेत. जो चित्र पाहतो त्याला कोणत्याही प्रतीत तेच पूर्ण चित्र भेटते. जो आकडा पाहतो त्याला सदतीस आणि अडतीस यांत अंतर दिसते. आणि जो आपल्याच प्रतीला चित्र समजतो, त्याला शेजाऱ्याच्या भिंतीवरचे तेच चित्र पाहूनही आनंद होत नाही.

येथे न्यायशास्त्रातील एक विचार उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते 'अभाव' हाही एक पदार्थ आहे, आणि प्रत्येक अभावाला दोन गोष्टी लागतात : ज्याचा अभाव तो प्रतियोगी, आणि जेथे अभाव ते अधिकरण. 'भूतलावर घट नाही' असे म्हणताना घट हा प्रतियोगी आणि भूतल हे अधिकरण. आता दुर्मिळता म्हणजे काय? दुर्मिळता हा काही कागदाचा वा शाईचा गुण नाही. ती या पत्रकाची, इतरांच्या घरी नसण्याची, अवस्था आहे. म्हणजे तो एक अभाव आहे. त्याचा प्रतियोगी पत्रक, आणि अधिकरण इतरांची घरे. यातून निघणारा निष्कर्ष विलक्षण आहे. ज्याने चित्रासाठी मूल्य दिले त्याने विकत घेतलेली वस्तू त्याच्या घरी आली. ज्याने दुर्मिळतेसाठी मूल्य दिले त्याने विकत घेतलेली वस्तू कधी त्याच्या घरी आलीच नाही. ती इतरांच्या घरांत, त्यांच्या रिकाम्या भिंतींवर राहते, आणि तिची राखण करणे त्याच्या हाती नाही. म्हणूनच असा मनुष्य सदैव बेचैन असतो. दुसरी छपाई निघाली तर? रंग बदलून नवी आवृत्ती आली तर? त्याच्या घरातील चित्राचा एक बिंदूही पुसला जाणार नाही, तरी आपले काही लुटले गेले असे त्याला वाटेल.

हे एकदम घडत नाही. एखादा गृहस्थ आपल्या आवडत्या चित्रपटाचे एक पत्रक घेतो, चौकटीत बसवून बैठकीत लावतो आणि येताजाता पाहतो. दुसरे येते, तिसरे येते. पुढे भिंती संपतात. मग पत्रके पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत, ज्यांत ती टपालाने आली त्यांतच, राहू लागतात. हळूहळू चित्र पाहण्यापेक्षा त्याचा चालू भाव पाहण्यात अधिक वेळ जातो. विक्रीचा क्षण चुकला की संताप येतो : विक्रेत्यावर, आपल्याआधी घेणाऱ्यावर, कधी बिचाऱ्या चित्रकारावरही. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि अडलेल्या कामनेतून क्रोध, ही साखळी येथे काही मिनिटांत पुरी होते. असे लोक केवळ नफ्यासाठी पत्रके घेऊन विकणाऱ्यांची फार निंदा करतात. निंदा अगदीच निराधार नाही; त्या व्यापाऱ्यामुळे एखादा खरा रसिक वंचित राहतो. परंतु आपण काय विकत घेतले हे तो व्यापारी तरी पुरते जाणतो. न उघडलेले नळकांडे उराशी धरून त्याला कलेवरील प्रेम म्हणणारा मात्र दुहेरी फसतो.

यावर कोणी म्हणेल की, उजेडाने रंग फिके होतात, तेव्हा झाकून ठेवणे हेच खरे प्रेम. हे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. वस्तुसंग्रहालयेही कागदावरची चित्रे मंद प्रकाशात आणि थोडेच दिवस मांडून पुन्हा अंधारात नेतात. पण तो अंधार पुढच्या पाहणाऱ्यासाठी असतो. पेटीत ठेवण्यामागे कोणाला तरी दाखवण्याचा संकल्प असेल तर तीही संग्रहाचीच पेटी. तो नसेल तर काचेच्या चौकटीत लावूनही परिग्रह सुटत नाही.

तात्पर्य, कसोटी संख्येची नाही आणि किमतीचीही नाही. जमवणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्या हेच चित्र आणखी हजार घरी गेले, तर माझा आनंद वाढेल की घटेल? वाढत असेल, निदान जसाच्या तसा राहत असेल, तर त्याने निःशंकपणे जमवावे. त्याच्या हातून सौंदर्याची सेवाच घडत आहे. घटत असेल, तर त्याने ओळखावे की आपले सुख दुसऱ्याच्या नसण्यावर उभे आहे. भित्तिपत्रक हे केवळ निमित्त होय. विद्या, मान, पद, जमीन, कशालाही हा प्रश्न लावून पाहता येतो, आणि तेथे उत्तर देणे याहून पुष्कळच जड जाते.

नव्या पत्रकांवर ती जुनी सूचना छापलेली नसते. तरीही खेळापुरते लावण्यास दिले आहे आणि खेळ संपताच परत करावयाचे आहे, ही अट कोणत्याच वस्तूवरून पुसली गेलेली नाही. ती अट ध्यानी ठेवून जो भिंतीवर चित्र लावतो आणि दारी आलेल्याला दोन पावले आत बोलावून ते दाखवतो, त्याच्या हाती त्या कागदाचा धर्म सुरक्षित आहे.